८८ची बाटली

चिपळुणात औषधांचे दुकान चालवायला लागून मला एकोणीस वर्षे झाली. या काळात ‘माल शॉर्ट आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारले आहे की ते ऐकून परत जाणारा माणूस घरी जाऊन काय करतो, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच जात होते. गेल्या जुलैमधल्या एका शनिवारी ते कळले.

आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक ताई सहा वर्षे थायरॉइडसाठी एकाच कंपनीची ८८ मायक्रोग्रॅमची गोळी घेत होत्या. मध्यंतरी ब्रँड बदलल्यावर त्यांच्या टीएसएचची (थायरॉइडचे औषध पुरते आहे का हे दाखवणाऱ्या रक्तातल्या संप्रेरकाची) पातळी बिघडली होती, म्हणून डॉक्टर चिठ्ठीवर ब्रँडचे नाव लिहून त्याखाली रेघ ओढत. यात डॉक्टरांचा किंवा ताईंचा हट्ट नव्हता. या गोळीतले औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आणि त्याच्या मात्रेत थोडा फरक पडला तरी काहींना त्रास होतो. फ्रान्समध्ये २०१७ साली याच औषधाच्या एका प्रचलित गोळीत पूरक घटक म्हणून लॅक्टोजऐवजी मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल आले, औषध तेच राहिले, तरी हजारो रुग्णांनी तक्रारी नोंदवल्या.

जूनमध्ये त्या कंपनीची नेमकी ८८ची बाटली येईनाशी झाली. स्टॉकिस्ट ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत होता आणि मीही ताईंना दोनदा तेच सांगून परत पाठवले.

त्या शनिवारी भर पावसात त्या आल्या, पर्समधली बाटली काढून काउंटरच्या काचेवर उपडी केली आणि गोळ्या बोटाने मोजून दाखवल्या. अकरा होत्या. अजून अकरा दिवस हाताशी आहेत, असे मी म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, बावीस दिवस जातील. तीन आठवडे झाले, मी दिवसाआड घेतेय.” मग मागच्या गिऱ्हाईकाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज उतरवून त्यांनी सांगितले की त्यांना दुसरा महिना लागला आहे.

माझ्या पोटात गोळा आला. या औषधाचा अंश शरीरात अर्ध्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे गोळी चुकल्याचे लगेच जाणवत नाही, आणि ताईंनाही काहीच जाणवले नव्हते. पण पहिल्या तीन महिन्यांत बाळाची भिस्त आईच्याच थायरॉक्सिनवर, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकावर असते आणि गरोदरपणात मात्रा सहसा वाढवावी लागते. इथे ती निम्म्यावर आली होती.

चिठ्ठीवरचा ब्रँड परस्पर बदलणे योग्य नव्हते, म्हणून मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी टीएसएच तपासायला सांगितले आणि मिळेल त्या एकाच ब्रँडची १०० आणि १२.५ अशा दोन गोळ्या रोज उपाशीपोटी सुरू करायला सांगितल्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तासांच्या अंतराने घ्यायच्या होत्या. नव्या चिठ्ठीचा फोटो पाच मिनिटांत आला. हा फोन मी पहिल्याच खेपेला केला असता तर ताईंचे ते तीन आठवडे वाया गेले नसते, आणि याची टोचणी मला आजही आहे.

टीएसएच ७.४ आली, म्हणजे औषध कमी पडत होते; चार आठवड्यांनी ती उतरून २.३ झाली, म्हणजे ठीक झाली. थायरॉइडच्या ज्या रुग्णाची गोळी मिळत नाही त्याचे नाव मी आता वहीत लिहितो, हातात किती गोळ्या उरल्या आहेत हे विचारतो आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवतो.

सप्टेंबरमध्ये ८८च्या बाटल्या आल्या. मी ताईंना फोन केला, पण तोवर त्यांची मात्रा १२५वर गेली होती.