नऊची दुधाची गाडी

शांत रस्ता हवा असेल तर तो कुठे संपतो ते आधी बघावं. जो रस्ता कुठेतरी पोचवतो त्याच्यावर रहदारी असणारच. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट सायकलवाल्यांचा लाडका, पण शनिवारी तिथे महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या नाकाला नाक लावून उभ्या असतात. त्याच वाईतून कृष्णेच्या काठाने पश्चिमेला आत शिरणारा दुसरा रस्ता सुमारे तीस किलोमीटरवर जोर नावाच्या गावात जाऊन संपतो. पुढे डोंगराची भिंत. भिंतीच्या माथ्यावर क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे कृष्णेचा उगम. गावातून वर पायवाट आहे, गाडीवाट नाही. त्यामुळे या रस्त्यावर जाणारा माणूस एक तर तिथलाच असतो, नाही तर वाट चुकलेला.

मी सायकल सहली काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. असे रस्ते हुडकणं, सायकलींची दुरुस्ती, आणि सहलीच्या दिवशी सगळ्यांच्या मागे सायकल हाकणं ही माझी तीन कामं. मागे राहणाऱ्याला आमच्यात 'स्वीप' म्हणतात. पंक्चर झालेला, दमलेला, फोटो काढत बसलेला, सगळे गाळ खाली बसल्यासारखे शेवटी माझ्याकडे येतात.

जोरचा रस्ता मला आवडण्याचं आणखी एक कारण ऊस. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की वाईच्या पूर्वेला भुईंजकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर सुटतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, पुढे गाण्यांचा स्पीकर मात्र हमखास. अशा ट्रॅक्टरला वळणावर ओलांडणं मी कुणाला करू देत नाही. पण धोम धरणाचं साडेतेरा टीएमसी पाणी कालव्यांनी खालच्या अंगाला जातं, म्हणून ऊसही मुख्यतः खालीच. धरणाच्या वर गेलात की भाताची खाचरं, गव्हाचे तुकडे, आणि फुगवट्याचं निळं पाणी. पाचगणीच्या पॉइंटवर उभे राहून लोक ज्याचे फोटो काढतात ते हेच पाणी. त्याच्या वर, कृष्णेवरच, बलकवडीचं दुसरं धरण आहे, चार टीएमसीचं. दोन्ही धरणांच्या पोटात जुनी शेतं आणि जुने रस्ते गेले. आजचा रस्ता पाण्याच्या कडेकडेने डोंगराच्या अंगावरून इतका वळत जातो, तो उगाच नाही.

डिसेंबरातला कामाचा वार होता. डझनभर गिऱ्हाईकं, बहुतेक मुंबई-ठाण्याची. मी साडेसहाला निघायचा हट्ट धरला होता, तेव्हा वाईत अजून अंधार होता आणि गणपती घाटावर नदीतून वाफ निघत होती. मेणवलीचा वाडा आणि तिथली वसईहून आलेली घंटा परतीच्या वाटेवर दाखवू, असं सांगून मी सगळ्यांना पुढे काढलं. कुरकुर झाली. थंडीत बोटं ब्रेकवर वळत नाहीत, हे खरंच होतं.

धोमच्या फुगवट्याशी एकाच्या मागच्या चाकाचा फ्रीहब, म्हणजे पायडलचा जोर चाकाला देणारा भाग, गेला. पायडल मारलं की पाय रिकामाच फिरायचा, चाक जागचं हलायचं नाही. रस्त्यात होणारं काम नव्हे ते. आमच्या गाडीत तो आणि त्याची सायकल घालून ड्रायव्हरला वाईला पाठवलं. तिथे माझं एक जादा चाक ठेवलेलं होतं, ते बसवून तास-दीड तासात परत ये म्हटलं. इथपर्यंत रोजच्यासारखाच दिवस.

बलकवडी ओलांडल्यावर फोनची रेंज जाते. वळणावळणांचा उतार, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला रान आणि खाली पाणी. माझ्या पुढे शंभरएक पावलांवर बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, साठी ओलांडलेले, आणि त्यांचे शेजारी. वळणापलीकडे म्हशी आल्या. चार-पाच, रस्ताभर पसरून, कुणाची पर्वा न करता. काकांनी ब्रेक मारला तो पुढचा जास्त. उतारावर पुढचं चाक अडलं की मागचं हलकं होतं. तसंच झालं, आणि ते उजव्या खांद्यावर पडले. म्हशी जरा बाजूला झाल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

पडलेल्या सायकलस्वाराचं पहिलं वाक्य काय असतं हे मला आता पाठ आहे. काकांनीही तेच विचारलं, "सायकलला काही झालं नाही ना?"

हेल्मेटला चरा पडला होता, पण तडा नव्हता. मी त्यांना आजचा वार विचारला, सकाळी काय खाल्लं विचारलं, दोन्ही उत्तरं बरोबर. श्वास घेताना बरगडीत कळ नव्हती. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने छातीशी धरून ठेवला होता आणि मान त्याच बाजूला कललेली. हे एवढं बघितलं की बाकी काही विचारावं लागत नाही. जर्सीची चेन खाली ओढली तर गळ्यापासून खांद्याकडे जाणारं हाड मधोमध उंचावलेलं दिसत होतं, कातडीखाली सुपारी ठेवल्यासारखं. कातडी फाटलेली नव्हती. बोटं हलत होती, नखं दाबून सोडली की लगेच लाल होत होती, करंगळीला स्पर्श कळत होता. सायकलवरून पडून हात किंवा खांदा टेकला की मोडतं ते बहुधा हेच हाड. जीवावरचं नसतं, पण प्रत्येक धक्क्याला माणूस विव्हळतो.

माझ्या पिशवीत त्रिकोणी फडकं असतं. त्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला. नुसत्या झोळीने भागत नाही, हात डुलत राहतो. म्हणून सायकलची जादा ट्यूब काढली, व्हॉल्व्ह कापून टाकला, आणि दंडावरून छातीभोवती एक वेढा घेऊन डाव्या काखेखाली गाठ मारली. रबर ताणतं, त्यामुळे श्वासाला आडकाठी होत नाही आणि हात मात्र जागेवर राहतो. हे मला कुणा डॉक्टरने शिकवलेलं नाही, जुन्या एका मेकॅनिकने शिकवलं.

म्हशींमागून एक आजी आल्या. डोक्यावर पदर, हातात काठी. त्यांनी काकांकडे बघितलं, ट्यूबकडे बघितलं.

"हाड मोडलंय जनू."

"हो आजी. फोन लागतो का कुठं?"

"साळंच्या मागं टेकाडावर लागतुय. येक मैल आसंल." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर फोन कुनाला करताय? गाडी वाईस्नंच येनार न्हवं? तवर बसून ऱ्हानार ह्येस्नी घिऊन?"

त्यांचं बरोबर होतं. १०८ ला फोन लागला असता तरी अॅम्ब्युलन्स यायची ती खालूनच, याच वळणांनी. आमची गाडीही वाईत चाक बदलत असणार. एसटीचं विचारलं तर म्हणाल्या, मुक्कामाची गाडी पहाटेच गेली, आता थेट दुपारी.

"दुधाची गाडी वर गेलीया," आजी म्हणाल्या. "नऊला हितनं खाली जाती. तिला हात करा."

नऊला दहा मिनिटं कमी होती.

ती दहा मिनिटं मी काकांना रस्त्याच्या कडेला दगडाला टेकवून बसवलं, अंगावर विंडचीटर टाकला आणि त्यांच्या शेजाऱ्याला वळणाच्या अलीकडे उभं केलं, म्हणजे आणखी कुणी म्हशींत घुसायला नको. पुढच्यांना थांबवायला एकीला पाठवलं. आजी तेवढ्यात घराकडे जाऊन गोणपाटाची घडी घेऊन आल्या. कशाला, ते पिकअप आल्यावर समजलं. पुढच्या सीटचा फोम केव्हाच गेला होता.

ड्रायव्हर पंचविशीतला. मागे अॅल्युमिनियमच्या किटल्या आणि प्लॅस्टिकचे कॅन दोरीने आवळलेले. काय झालं ते आजींनीच त्याला सांगितलं, मला तोंड उघडायची वेळच आली नाही. गोणपाट सीटवर घातलं, काकांना बसवलं, सीटबेल्ट मुद्दाम लावला नाही, कारण तो नेमका छातीशी बांधलेल्या हातावरून जात होता. शेजारी मागे कॅनांत उभे राहिले. सायकल टपावर. मी ड्रायव्हरला सांगितलं, खड्ड्यात हळू.

"रोज दूध नेतो दादा," तो म्हणाला, "सांडून चालत नाही."

निघायच्या आधी त्याने एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. खालच्या वाडीत अजून दोन ठिकाणी दूध घ्यायचं होतं. पुढे मोटरसायकलवरून निघालेल्या एका पोराला ओरडून सांगितलं की आज कॅन रस्त्यावर आणून ठेवा, मी आत वळणार नाही. ती दोन्ही घरं रस्त्याच्या कडेला कॅन घेऊन उभी होती, असं शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं. धोमजवळ आमची गाडी समोरून आली. शेजाऱ्यांनी काकांना गाडी बदलायला विचारलं. काका म्हणाले, एकदा बसलोय तो बसू दे. मग आमची गाडी मागे वळून दुधाच्या गाडीमागून वाईला गेली.

वाईत एक्स-रे झाला. हाड मधोमध मोडलेलं, फारसं सरकलेलं नाही. शस्त्रक्रिया नको, सहा आठवडे झोळी. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. दूध डेअरीला उशिरा पोचलं तर त्याचं बोलणं खाऊ, एवढंच म्हणाला.

बाकीचे जोरपर्यंत गेले. एका घरी पिठलं-भाकरी सांगितलेली होती, ती गार झाली होती तरी कुणी काही बोललं नाही. मेणवली राहिलीच. संध्याकाळी मी काकांची सायकल उघडली. फ्रेम ठीक होती, पण कार्बनच्या हँडलला ब्रेकच्या लिव्हरखाली केसाएवढी रेघ दिसली. अॅल्युमिनियम वाकतं आणि सांगतं, कार्बन सांगत नाही, पुढच्या खड्ड्यात तुटतं. फोनवर काकांना सांगितलं की हे हँडल मी कापून टाकतोय. त्यांनी खांद्यापेक्षा हँडलचंच जास्त वाईट मानलं.

त्यानंतर माझ्या वहीतली शांत रस्त्यांची पानं बदलली आहेत. चढ किती, डांबर कसं, पाणी कुठे, हे पूर्वीही लिहीत होतो. आता प्रत्येक रस्त्यापुढे मुक्कामाची एसटी कधी सुटते, दुधाची गाडी कधी खाली येते आणि रेंज कुठल्या टेकाडावर मिळते हेही असतं. हे नकाशात मिळत नाही, चहा पीत विचारावं लागतं. ज्या रस्त्यावर तिन्ही नाहीत तो कितीही देखणा असला तरी मी सहलीत घेत नाही.

यंदा ऑफिसातून निरोप आला की जोरची सहल साडेआठला काढा, हॉटेलचा नाश्ता आठला सुरू होतो आणि लोक अंधारात उठायला तयार नसतात. मी सांगितलं, नाश्ता डब्यात द्या. बरीच वादावादी झाली. आता साडेसहाला निघतो आणि उकडलेली अंडी गाडीत असतात.