तीन दगडांची चूल

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी निम्मं गिऱ्हाईक म्हातारे-म्हाताऱ्या. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि तोंडात एकच प्रश्न, "पगार आली का बघ की." आमच्या मराठवाड्यात सरकारच्या निराधार योजनेच्या पैशाला पगारच म्हणतात.

2025 मध्ये या रांगेत माझी आत्याही आली.

तिच्या आधारवर जन्मतारीख आहे 1 जानेवारी 1960. ही तारीख आधारवाल्यानं अंदाजानं टाकलेली. (आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीलाच येतो.) पण ती सांगते, बहात्तरच्या दुष्काळात ती परकरावर खडी फोडायला जायची आणि सुकडीसाठी रांगेत उभी राहायची. तेव्हा बारा-तेराची असेल, म्हणजे वर्ष फार चुकलेलं नसावं.

याच तारखेनं घात केला. जुलै 2024 पासून तिला लाडकी बहीणचे दीड हजार मिळत होते. डिसेंबरपर्यंतचे सहा हप्ते, नऊ हजार रुपये. जानेवारीत पासष्ट भरली आणि पैसे बंद. "कामून रं? मी काय आता कुनाची बहीन न्हाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आत्या, ती योजना पासष्टपर्यंतच. आता तू श्रावणबाळात, म्हणजे पासष्टच्या पुढच्या निराधारांच्या योजनेत.

श्रावणबाळातही दीडच हजार. 2023 साली हजाराचे दीड हजार झाले. पण लाडक्या बहिणीला घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखापर्यंत चालत होतं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर श्रावणबाळला 21,000 च्या आतलं लागतं. बाई तीच, घर तेच, भाकरीची टोपलीही तीच. वय एका दिवसानं वाढलं आणि गरीब कुणाला म्हणायचं याचं माप बदललं.

दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मी हिशेब केला. 21,000 म्हणजे दिवसाला सत्तावन्न रुपये. रोजगार हमीचा 2025 मधला दर दिवसाला 312 रुपये. घरातल्या एका माणसानं वर्षात 68 दिवस माती उचलली की ते घर मर्यादेबाहेर. खुद्द पगारीचेच वर्षाला अठरा हजार होतात! मग तलाठी 21,000 चा अहवाल देतो, तहसीलचा दाखला निघतो, आणि तो आकडा खरा नाही हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि झेरॉक्स काढणाऱ्या मला, तिघांनाही ठाऊक असतं.

आत्याचं तिथंच अडलं. लेकानं पोराच्या शिष्यवृत्तीसाठी आधीच 48,000 चा दाखला काढला होता आणि रेशनकार्ड एकच. टेबलावरच्या बाबूनं सांगितलं, "कार्ड फोडून आणा."

लेकाला ते लागलं. आई वेगळी काढली म्हणून गावात बोभाटा होईल, म्हणाला. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी आत्याच म्हणाली, "कागदावर येगळी व्हते, ताटावर न्हाई."

अंगठ्याचं वेगळंच. मशीनवर तिचा थम लागेना. खडी, मग कापूस वेचणी, मग ऊसतोड. अंगठ्यावर रेषा राहिल्यात कुठं? नुसती गुळगुळीत कातडी आणि मधोमध एक काळी भेग. मी ओल्या फडक्यानं पुसला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला. सातव्यांदा हिरवा दिवा लागला, तोही डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला. ते बोट बहुधा कामात कमी आलं असेल.

मग कार्ड वेगळं करायचं म्हणून चौकशीला माणूस येणार, असं कळलं. तो वेगळी चूल आहे का बघतो म्हणे. आदल्या रात्री आत्यानं परसात तीन दगड मांडले, शेणानं सारवलं, दोन काटक्या जाळून राख केली, वर एक काळं पातेलं ठेवलं. माणूस आला, पातेल्यात डोकावला, कागदावर काहीतरी लिहिलं, चहा पिऊन गेला. चहा सुनेनं आतल्या गॅसवर केला होता.

खोटं आहे का? आहे. मला त्याची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

समितीत मंजूर होऊन पहिली पगार आली ती दिवाळीच्या तोंडावर. आत्यानं त्यातून नातवाला स्वेटर घेतला आणि माझ्या झेरॉक्सचे चाळीस रुपये द्यायला लागली. मी घेतले नाहीत तर टेबलावर ठेवून निघून गेली. परसातली चूल अजून तशीच आहे. थंडीत सून तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवते, गॅस वाचतो.