लाईट चालू आहे

मे महिन्यात दुपारी दोननंतर जळगावच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. कूलरच्या घरघरीत डोळा लागेना म्हणून खिडकीचा पडदा सारला, तर समोरच्या निंबाखाली एक पांढरी कार उभी. एमएच अठरा, म्हणजे धुळ्याचे पाहुणे. आणि तिचे पार्किंग लाईट चालू! उन्हात असती तर कळलंही नसतं, पण सावलीत ते चार मिणमिणते दिवे नीट दिसत होते.

झालं. आता झोप कसली?

माझा हिशेब सुरू. पाच-पाच वॉटचे चार बारके बल्ब, नंबर प्लेटचा एक, म्हणजे २५ वॉट. बारा व्होल्टवर दोन अँपिअर. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी धरा ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे दोन अँपिअरने जेमतेम सतरा तास. पाहुणे संध्याकाळी निघाले तर स्टार्टर कुरकुरत का होईना फिरेल. पण रात्री मुक्कामाचा आग्रह झाला, आणि आमरस-मांड्यांच्या दिवसांत तो होणारच, तर सकाळी धक्का. हेडलाईट राहिले असते तर ५५ वॉटचे दोन बल्ब, चार तासांत खेळ खल्लास.

शेवटी डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडले आणि बेल वाजवत सुटले. तिसऱ्या घरातून एक मुलगा डोळे चोळत किल्ली घेऊन आला, गाडी उघडून दिवे बंद केले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गणी मागायला आले होते. घरात नवऱ्याने कूस बदलत विचारलं, “कोणाची होती?” मी म्हटलं, “माहीत नाही.” त्यावर तो हसला. त्याला काय कळणार?

पूर्वी हे काम रस्ता करायचा. तुम्ही दिवसा दिवा लावून चाललात की समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करून पाचही बोटांची उघडझाप करायचा. एरंडोल, पारोळा ओलांडून धुळ्यापर्यंत जा, ट्रकवाला, एसटीचा ड्रायव्हर, कापसाच्या गाठोड्यावर बसलेला पोरगा, सगळे सांगणार. चौकात कोणी म्हातारा ओरडणार, “भाऊ, लाईट चालू शे!” खरं तर इंजिन चालू असताना दिव्याची वीज इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर पुरवतो, बॅटरीला त्याचा काही त्रास नाही. भीती असायची ती गाडी लावल्यानंतर विसरण्याची. म्हणजे तुम्ही पुढे कुठेतरी थांबाल, विसराल आणि अडकाल, याची काळजी तुमचं तोंडही पुन्हा न पाहणारा माणूस आधीच करून ठेवायचा.

मग १ एप्रिल २०१७ पासून नियमानेच नव्या दुचाक्यांचे दिवे कायमचेच चालू राहायला लागले. बंद करायचं बटणच नाही. सुरुवातीची एक-दोन वर्षं मोठी गंमत होती. लोक सवयीने बोटं हलवायचे आणि दुचाकीवाले वैतागून मान हलवायचे. हळूहळू बोटं थांबली. नवी गाडी काय, दिवा राहिला तर स्वतःच पीं-पीं करते. अपघात कमी व्हावेत म्हणूनच तो दुचाक्यांचा नियम आहे, माझी तक्रार नाही. पण ती उघडझाप मला आवडायची.

आमच्या गावाकडे, यावल तालुक्यात, बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी. आणि ट्रॅक्टर म्हणजे आबांचा, माझ्या थोरल्या काकांचा. १९८७-८८ साली रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि नेमकी तेव्हाच गावची वीज जायची. मग दोघे जण बॅटरी उचलून आणायचे. ती ओसरीवर पोत्यावर ठेवायची, लाल-काळ्या वायरींचे चिमटे लावायचे आणि बारक्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीसमोर अर्धा गाव बसायचा. बायका चपला काढून, पदर सावरून. आबा मात्र टीव्हीकडे पाठ करून बॅटरीकडे बघत बसलेले. संध्याकाळी सिनेमा. बॅटरी आधीच म्हातारी. सोमवारी सकाळी ट्रॅक्टर हूं की चूं करायचा नाही.

म्हणून आबांनी ट्रॅक्टर सपाटीवर कधी लावलाच नाही. गावात मारुतीच्या पाराजवळच्या उतारावर, शेतात बांधालगतच्या चढावर, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढायचा, गिअर टाकून क्लच दाबायचा, ट्रॅक्टर घरंगळला की क्लच सोडायचा. त्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा फिरवून दिलं की पुढे विजेचं काही अडत नसे. आजही कुठे गेले की माझे डोळे आधी उतार शोधतात. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, ती ढकलून चालू होत नाही, हे ठाऊक असूनही.

आबांकडून आणखी एक गोष्ट घेतली ती म्हणजे दहा नंबरचा पाना. बाकीच्या बायकांच्या पर्समध्ये काय असतं ते असो. आठ-पंधरा दिवस मुलाकडे पुण्याला रेल्वेने जायचं असलं की मी बॉनेट उघडते आणि बॅटरीच्या निगेटिव्हचा, म्हणजे काळ्या वायरीचा, बोल्ट सैल करून ती काढून ठेवते. “काढताना आधी काळी, लावताना शेवटी काळी,” हे आबांचं वाक्य. आधी लालला हात घातला आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर खायच्या सोड्याचं गरम पाणी, जुना टूथब्रश, पुसून कोरडं, वर व्हॅसलीनचा हात. परत आल्यावर घड्याळ बिघडलेलं, रेडिओची स्टेशनं गेलेली. नवरा म्हणतो, एवढ्यासाठी एवढं? मुलगा म्हणतो, आई, नव्या गाड्या हुशार असतात.

हुशार आहेत म्हणूनच तर! बंद गाडीतही कुलपाचा रिसीव्हर, अलार्म, कॉम्प्युटर जागेच असतात. त्यांचे ३० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आठवड्याला ५ अँपिअर-अवर निघून जातात. त्यात हौसेने बसवलेला डॅशकॅमेरा आणि ट्रॅकर. आणि बॅटरी पूर्ण भरलेली म्हणजे १२.६ व्होल्ट, जवळपास संपलेली म्हणजे १२. तिचं सगळं सुखदुःख त्या अर्ध्या-पाऊण व्होल्टात. रिकामी तशीच पडून राहिली की आत शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग कितीही चार्ज करा.

आपल्याकडे आणखी एक फसगत होते. बॅटरी थंडीत बंद पडते म्हणून लोक थंडीला नावं ठेवतात. सारंगखेड्याच्या यात्रेला पहाटे निघावं आणि गाडीने नुसतं टक्-टक् करावं. पण तिला मारलेलं असतं आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने, मे महिन्यातच. आतलं पाणी आटवलेलं, प्लेटा खाल्लेल्या. डिसेंबरात फक्त बातमी कळते.

शेजारचे नाना हे सगळं शांतपणे ऐकून घेतात. त्यांच्या मुलाची गाडी वर्षभर कव्हरखाली असते. मुलगा परदेशात, येतो दिवाळीला, तीही दर दिवाळीला नाही. नाना दर रविवारी पांढरा सदरा घालून कव्हर काढतात, गाडीत बसतात, पाच मिनिटं इंजिन चालवतात, काचा पुसतात आणि पुन्हा कव्हर घालतात. मागे मी त्यांना समजावलं की पाच मिनिटांनी काही होत नाही, आठवड्यात जेवढं जातं तेवढंही भरत नाही. एक तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणा, नाही तर सरळ निगेटिव्ह काढून ठेवा. पानाही पुढे केला.

नानांनी पाना हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

“काढतो की पोरी,” म्हणाले, “पण मग रविवारी मी करू काय?”