सोडा पुढे वाढला आणि थिकनर मागे गढुळला

आमच्या तेलवाळूच्या कारखान्यातल्या त्या रात्रीच्या अहवालात कारणाच्या रकान्यात 'खनिजाच्या प्रतीत चढउतार' एवढंच लिहिलं गेलं. ते खोटं नाही. पण थिकनर, म्हणजे पाण्यातली माती खाली बसवणारी मोठी टाकी, बंद पडायच्या बेताला का आला, हे त्यातून कुणालाच कळणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला, अथाबास्का नदीच्या दोन्ही बाजूंना ऑइल सँड्सच्या खाणी आहेत. चांगल्या मालात वजनाने 11-12 टक्के बिटुमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल, चार-पाच टक्के पाणी आणि बाकी वाळू व चिकणमाती असते. साधारण दोन टन माल उपसला की एक बॅरल तेल हाती लागतं. हा माल गरम पाण्याने धुऊन बिटुमेन सोडवायची पद्धत रसायनशास्त्रज्ञ कार्ल क्लार्क यांनी 1920 च्या दशकात एडमंटनमध्ये बसवली आणि 1967 मध्ये तिच्यावर पहिला मोठा कारखाना सुरू झाला. तेव्हा पाणी 75-80 अंशांचं लागायचं. आता माल फोडून 40 ते 50 अंशांच्या पाण्यात कालवतात आणि पाइपातून काही किलोमीटर पुढे ढकलतात. ढेकळं विरघळणं, बिटुमेन सुटणं, त्याला हवेचे बुडबुडे चिकटणं हे सगळं वाटेतच होतं. पुढे सेपरेशन सेल या टाकीत बिटुमेनचा फेस वर येतो, वाळू तळाला जाते आणि मधलं गढूळ पाणी, म्हणजे मिडलिंग्ज, उरलेलं बिटुमेन बुडबुड्यांनी वर आणायला फ्लोटेशनला जातं.

यात कॉस्टिक सोडा घालतात, टनाला शे-दोनशे ग्रॅम. बिटुमेनमध्ये मुळातच नॅफ्थेनिक आम्लं असतात. सोड्याने त्यांचा साबण होतो आणि बिटुमेन वाळूवरून लवकर सुटतं. पण त्याच सोड्याने चिकणमातीचे कणही एकमेकांपासून सुटे होतात, आणि सुटा झालेला कण खाली बसत नाही. बिटुमेन काढणारा विभाग आणि गाळ सांभाळणारा विभाग यांच्यातलं सगळं भांडण या एका रसायनाभोवती आहे, आणि सोड्याचा व्हॉल्व्ह मात्र एकाच विभागाच्या हातात असतो.

आमच्याकडे वाळू सायक्लोनमध्ये, म्हणजे पाणी गरगर फिरवून जड कण वेगळे काढणाऱ्या शंकूत, वेगळी होते आणि सायक्लोनच्या वरून निघणारं मातीचं पाणी थिकनरला येतं. हे पाणी अजून कोमट असतं. थिकनरमध्ये कणांच्या गुठळ्या बांधणारा पॉलिमर घालून माती खाली बसवली की वरचं नितळ पाणी उष्णतेसकट पुन्हा माल कालवायला वापरता येतं. पाणी तापवण्यात वाचलेल्या गॅसचा हिशेब लावला तर थिकनरची किंमत वसूल होते. आणि थिकनर चुकला तर तेच गढूळ पाणी तासा-दीड तासात कारखान्याच्या तोंडाशी परत जातं.

त्या रात्री बाहेर उणे तीसच्या आसपास तापमान होतं. खाणीच्या चांगल्या फेसवरचा, म्हणजे खोदाईच्या कड्यावरचा, शॉव्हेल बिघडला म्हणून खाणवाल्यांनी सगळे ट्रक दुसऱ्या फेसवर वळवले. तिथला माल हलका होता, म्हणजे बिटुमेन नऊ टक्क्यांच्या घरात आणि 44 मायक्रॉनपेक्षा बारीक कण नेहमीच्या दुपटीच्या जवळ. माल वाहणाऱ्या पट्ट्यावर बारीक कणांचा अंदाज देणारा गॅमा मापक आहे. तो पोटॅशियम-40 चं नैसर्गिक किरणोत्सर्जन मोजतो. पोटॅशियम असतं इलाइट या मातीत, केओलिनाइटमध्ये ते नसतं. त्या फेसवर केओलिनाइटचं प्रमाण जास्त होतं, त्यामुळे मापकाने आकडा कमी दाखवला. नियंत्रण कक्षातल्या पॅनलवर पाहणाऱ्याला माल थोडासा खराब दिसला, प्रत्यक्षात तो फार खराब होता.

पुढचं साखळीसारखं घडलं. सेपरेशन सेलमधलं मिडलिंग्ज जड आणि दाट झालं, बिटुमेनचे थेंब त्यातून वर यायला अडखळू लागले आणि रिकव्हरी, म्हणजे मालातल्या बिटुमेनपैकी हाती लागणारा वाटा, घसरली. पॅनल ऑपरेटरने शिकवल्याप्रमाणे सोडा वाढवला, टनाला 150 ग्रॅमवरून हळूहळू 400 च्या पुढे. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर रिकव्हरीचा आकडा ठळक अक्षरात असतो, थिकनरचा एकही आकडा नसतो. पण त्याच्या वरच्यांना नियम माहीत असायला हवा होता. प्रांताच्या नियामकाने 11 टक्के किंवा त्याहून चांगल्या मालासाठी 90 टक्के रिकव्हरी बांधून दिली आहे, आणि त्याखालच्या मालाला सूत्राने सूट दिली आहे. नऊ टक्क्यांच्या मालाला ते सूत्र सुमारे 82 देतं. शिवाय हिशेब वर्षाचा होतो, एका पाळीचा नाही. त्या रात्री 90 च्या मागे धावायची सक्ती कुणीच केलेली नव्हती.

थिकनरवर पहिली खूण काठावरून वरचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत दिसली. एरवी बाहेर पडणारं पाणी फिकट चहाच्या रंगाचं असतं आणि त्यात घन पदार्थ अर्धा टक्क्याच्या आत असतात. ते बघता बघता तपकिरी झालं. प्रयोगशाळेचा आकडा आला तेव्हा तो तीन टक्क्यांजवळ होता, पण थिकनरच्या जुन्या ऑपरेटरने तो यायच्या कितीतरी आधी फोन केला होता. पन्हळीवर टॉर्च मारून रंग पाहणारी माणसं कमी होत चालली आहेत. मापकांवर लाखो डॉलर खर्च होतात, आणि अशा माणसाच्या फोनची नोंद करायला साधा रकानाही नाही.

पॉलिमरचा डोस घन पदार्थांच्या टनावर बांधलेला आहे, टनाला 110 ग्रॅमच्या आसपास. पाणी गढूळ झालं तसा तो 200 वर नेला गेला. पॉलिमर विकणाऱ्या कंपन्यांचे लोकही प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर देतात. त्याने पाणी नितळ झालं नाही. तळातला थर मात्र चिकट झाला आणि रेकबरोबर, म्हणजे तळाशी फिरून गाळ मध्यभागी ओढणाऱ्या दाताळ्याबरोबर, एकसंध फिरू लागला. रेक फिरवायला लागणारा जोर, टॉर्क, 25 टक्क्यांवरून 60 वर गेला आणि रेक आपोआप वर उचलला गेला. पुढे तो ट्रिप झाला, म्हणजे जादा भाराने आपोआप बंद पडला असता, तर तळातला गाळ घट्ट बसला असता, आणि मग टाकी रिकामी करून पाण्याच्या झोताने तो फोडावा लागतो. उणे तीसमध्ये त्या कामाला आठवडे जातात.

एव्हाना चक्र पूर्ण झालं होतं. थिकनरचं मातकट पाणी माल कालवायला परत जात होतं, त्यातल्या मातीने मिडलिंग्ज आणखी दाट होत होतं, रिकव्हरी आणखी पडत होती आणि सोडा आणखी वाढत होता. प्रत्येक विभाग आपापल्या सूचनांप्रमाणे बरोबर वागत होता.

मग थिकनरच्या तोंडाशी असलेल्या फीडवेलच्या आधीच्या नळातून आत येणारं पाणी, म्हणजे फीड, बादलीभर घेऊन टेबलावर मोजणीचे काचेचे सिलिंडर लावले. नेहमीच्या डोसला गुठळ्या छोट्या झाल्या आणि वरचं पाणी दुधट राहिलं. दुप्पट डोसला गुठळ्या मोठ्या, लिबलिबीत, आत बिटुमेनचे काळे ठिपके अडकलेले, तरीही वर दुधटच. तिसऱ्या सिलिंडरमध्ये नेहमीचा डोस ठेवला आणि त्याआधी जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) द्रावणाचे काही थेंब घातले. दोन मिनिटांत पाण्याआडून पट्टीवरचे आकडे वाचता आले. पीएच काढला तर नेहमीच्या 8.2 च्या जागी 8.9. निदान तिथेच झालं. आमच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. पीएच चढला की त्याचं कार्बोनेट होतं आणि पाण्यात जो थोडका कॅल्शियम असतो तो चुनखडी होऊन निघून जातो. ऋणभाराचा पॉलिमर ऋणभाराच्या मातीला धरतो तो मुख्यतः या कॅल्शियमच्या आधाराने. तो आधार गेल्यावर पॉलिमर कितीही ओता, मोठे कण पकडले जातात आणि बारीक माती तशीच राहते.

मग जिप्समच का टाकलं नाही, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. सिलिंडरमध्ये ते सोपं आहे. कारखान्यात ते पाणी परत फिरतं. त्यात कॅल्शियम वाढला की मातीचे कण बिटुमेनच्या थेंबांवर लेप धरतात, बुडबुडे चिकटत नाहीत आणि हीट एक्स्चेंजरमध्ये चुनखडी साचते. गाळ साठवायच्या तळ्यात जाणाऱ्या मिश्रणात सल्फेट गेलं तर जीवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करू शकतात. इथल्याच होरायझन खाणीत टेलिंग्जमध्ये, म्हणजे धुऊन उरलेल्या गाळपाण्यात, कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच खाली आणतात. तो मार्ग मला जास्त पटतो, पण त्याची व्यवस्था रातोरात उभी राहत नाही.

शेवटी केलं ते असं. सोडा पूर्ण बंद केला. मालाचा वेग एक तृतीयांशाने कमी केला. पॉलिमर परत 110 वर आणला. सायक्लोनच्या वरच्या पाण्यापैकी निम्मं थिकनर चुकवून थेट तळ्याकडे वळवलं. ही बायपास लाइन थंड आणि रिकामी होती, म्हणून आधी गरम पाणी सोडून ती तापवून घ्यावी लागली, नाहीतर सखल वळणावर बर्फाचा बूच बसतो. थिकनरच्या पन्हळीचं पाणी परत न पाठवता तेही तळ्यात सोडलं आणि त्याच्या जागी तळ्याचं थंडगार पाणी घेतलं. बॉयलरची क्षमता अपुरी पडली, मालाचं तापमान 45 वरून 38 वर आलं. यावर बिटुमेनच्या विभागाने जोराची हरकत घेतली. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, 38 अंशांना रिकव्हरी पडतेच. पण थिकनर ट्रिप झाला असता तर हिवाळ्याचा उरलेला सगळा काळ थंड पाण्यावरच काढावा लागला असता. सकाळपर्यंत टॉर्क 30 वर आला, मग रेक थोडा थोडा खाली घेतला. पन्हळ नितळ व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली.

त्या रात्री तळ्यात गेलेली माती आता तिथेच आहे. गोव्यात डिचोली-सत्तरीकडे लोहखनिजाचे टेलिंग पाँड ज्यांनी पाहिले असतील त्यांना गाळाचं तळं नवं नाही. इथल्या मातीचा त्रास वेगळा आहे. सोड्याने सुट्या झालेल्या या कणांच्या गाळात तीन-चार वर्षांत 30-35 टक्के घन भाग होतो आणि पुढे तो दह्यासारखा थिजतो, मग दशकानुदशकं पाणी सोडत नाही. अल्बर्टात असा पातळ गाळ 1.3 अब्ज घनमीटरच्या वर साठला आहे. तो बाहेर काढून सेंट्रिफ्यूजमधून फिरवणं, पॉलिमर लावून उतारावर पातळ थरात वाळवणं, हिवाळ्यात गोठवून उन्हाळ्यात पाणी निथळू देणं, हे सगळं चालू आहे. यातला कुठलाही उपाय ती माती थिकनरमध्ये कोमट असतानाच पकडण्याइतका स्वस्त नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते मापन. सगळे डोस टनावर चालतात, आणि टनातली बरीचशी माती म्हणजे निरुपद्रवी सिल्ट, वाळूहून बारीक पण चिकणमाती नसलेली पूड, असते. पॉलिमर खातो आणि पाणी धरतो तो खरा चिकणमातीचा पृष्ठभाग. तो मोजायची चाचणी जुनी आणि स्वस्त आहे. नमुना आधी नीट सुटा करायचा, मग आम्ल घालून त्यात मिथिलीन ब्लूचं द्रावण मिलिलिटर मिलिलिटरने सोडायचं आणि दर वेळी काचेच्या कांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर ठेवायचा. माती रंग शोषत असते तोवर थेंबाभोवती साधं पाणी पसरतं. माती भरली की गडद ठिपक्याभोवती फिकट निळं वलय उमटतं, आणि ते दोन मिनिटं टिकलं की तो शेवटचा आकडा. सरावलेल्या हाताला तासाभराचं काम. त्या रात्रीच्या मालाचा नमुना नंतर तपासला तेव्हा गॅमा मापकाने न दाखवलेली सगळी माती या वलयात दिसली.

आमच्याकडे ही चाचणी आठवड्याच्या एकत्रित नमुन्यावर होते, म्हणजे माल धुऊन, विकून झाल्यावर. ती प्रत्येक पाळीला, क्रशरच्या नमुन्यावर व्हावी, तिच्यावरून सोड्याची कमाल मर्यादा ठरावी आणि पन्हळीच्या पाण्यातले घन पदार्थ सेपरेशन सेलच्या पडद्यावर रिकव्हरीच्या शेजारी दिसावेत, असा प्रस्ताव दिला आहे. तिसरी मागणी मान्य झाली आणि आकडा पडद्यावर आला. सोड्याची मर्यादा सूचनापत्रात लिहिली गेली, पण व्हॉल्व्हला लावली नाही, त्यामुळे ती पाळणं ऑपरेटरच्या मर्जीवर आहे. पाळीगणिक चाचणीसाठी प्रयोगशाळेला आणखी एक माणूस लागतो, आणि तिथे फाइल अडली आहे.