सर, थंड काय आणू?

शाळेत शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की हेडमास्तर वर्गाच्या दारात येऊन एकाकडे बोट करायचे, "तू, ऊठ, चार थंड घेऊन ये पळत". मग ज्याचा नंबर लागला तो चड्डी सावरत गेटबाहेरच्या सोडावाल्या मामांकडे धावायचा आणि मामा विचारायचे, "काळं, पांढरं का केशरी?" की परत माघारी पळत ऑफिसात, "सर, थंड काय आणू, काळं का केशरी?" सातवीत एकदा माझा नंबर लागला होता, सर म्हणाले साहेबांना केशरी आण, काळं झोंबतं त्यांना.

आता शाळेच्या महोत्सवाची ही स्मरणिका वाचणाऱ्या पोरांना सांगायला लागेल की काळं म्हणजे थम्सप, पांढरं म्हणजे लिम्का आणि केशरी म्हणजे गोल्डस्पॉट. मी १९८५ ला पाचवीत आलो आणि ९१ ला दहावी होऊन बाहेर पडलो, त्या सहा वर्षात मामांच्या टपरीवर कुणी कंपनीचं नाव घेऊन बाटली मागितलेली मला तरी आठवत नाही. रंग सांगायचा, बास. १९७७ ला कोका-कोला देश सोडून गेला आणि त्याच वर्षी थम्सप आलं हे मला खूप नंतर वाचून कळलं. आम्हाला काळं म्हणजे थम्सपच, दुसरं काही काळं असू शकतं हेच माहिती नव्हतं.

स्मरणिकेत इमारतीबद्दल, गॅदरिंगबद्दल, आपल्या गुरुजनांबद्दल बाकीचे माझ्यापेक्षा छान लिहितील. मला हे शब्द लिहून ठेवायचेत कारण ते अर्धे गेलेत आणि उरलेले आमच्या बॅचबरोबर जातील.

घरी वेगळीच भाषा होती. आई ज्याला सरबत म्हणायची ते थंड नाही. सरबत घरात होतं, लिंबाचं, कोकमाचं, उन्हाळ्यात पन्हं, आणि नंतर रसना आली तीही सरबतातच गेली कारण ती पातेल्यात कालवली जायची. थंड म्हणजे बाटलीतलं, दुकानातून आणलेलं आणि बाटली परत द्यायची असलेलं. पाहुणा आला की "चहा घेणार का थंड?" हा प्रश्न विचारला म्हणजे घरात त्या माणसाची किंमत काय ते आम्हा पोरांना लगेच कळायचं, कारण शेजारच्या काकूंना कधी कुणी थंड विचारलं नाही आणि जावयाला कधी कुणी नुसता चहा दिला नाही. आजी मात्र शेवटपर्यंत सगळ्यालाच सोडावाटर म्हणायची, काळं असो का आंब्याचं. आणि लग्नात पत्रिका द्यायला गेलेला माणूस घरी येऊन सांगायचा "लई मान दिला, थंड पाजलं", एवढं एक वाक्य पुरेसं असायचं.

पण आमचं खरं प्रेम ह्या रंगीत बाटल्यांवर नव्हतं, त्या महाग होत्या. आमचं होतं ते लेमन. लेमन म्हणजे लिंबू नाही हां, लिंबू पिळून मीठ घालून देतात तो लिंबू सोडा, तो वेगळा. लेमन म्हणजे गोटीच्या बाटलीतलं गोड पाणी, आणि त्याच बाटलीत साधा असला तर तो सोडा. दोन्ही मिळून सोडा-लेमन, टपरीच्या फळीवर लाल रंगात तेवढंच लिहिलेलं होतं. कुणी गोटी सोडा म्हणायचं, पलीकडच्या गावची पोरं गोळी सोडा म्हणायची आणि त्यावरून मधल्या सुट्टीत खरोखर भांडणं झालेली आहेत.

ती बाटली एकदा नीट सांगतो कारण आता सहसा बघायला मिळत नाही. हिरवट जाड काच, हातात घेतली की वजन लागायचं. मानेखाली काच दोन्ही बाजूंनी आत दाबलेली, म्हणजे मान एक आणि तिच्याखाली छोटा कप्पा एक, त्यात काचेची गोटी. तोंडाच्या आतून रबराची रिंग. मामा बाटली ओल्या गोणपाटाखालून काढायचे, फडक्यानं पुसायचे, तोंडावर लाकडी दट्ट्या ठेवून तळहातानं एक दणका, टॉक्क! गोटी खाली पडायची, पांढरा धूर निघाल्यासारखा व्हायचा आणि फेस मामांच्या बोटांवरून खाली. पिताना बाटली एका ठराविक बाजूनं धरायची, त्या बाजूला काचेत दोन खळगे असतात, गोटी त्यात अडकून बसते आणि वाट मोकळी राहते, दुसऱ्या बाजूनं धरली की गोटी घरंगळत येऊन तोंड बंद. पाचवीतल्या पोराला हे कुणीतरी मोठ्यानं दाखवायला लागायचं, मला दहावीतल्या एका दादानं दाखवलं, खांद्यावर हात ठेवून, "खळगा खाली धर की". तेव्हापासून आजतागायत मी कुठंही ती बाटली धरली तर अंगठा आधी खळगा शोधतो.

आणि इथंच आमच्या विज्ञानाच्या सरांची आठवण सांगायची आहे. नववीत कार्बन डायऑक्साइडचा धडा होता. सरांनी मामांकडून दोन साधे सोडे मागवले, एक चंचुपात्रात ओतला, म्हणजे फेस दाखवायला, आणि दुसरा चपट्या चंबूत ओतून वर पटकन बूच लावलं, बुचातून काचेची वाकडी नळी, नळीचं टोक चुन्याच्या निवळीत. चंबू जरा हलवला, निवळीत बुडबुडे यायला लागले आणि बघता बघता निवळी दुधासारखी झाली. पुस्तकात हेच लिहिलेलं होतं पण सर तिथं थांबले नाहीत, ते चंबू हलवत राहिले, बराच वेळ, आम्हाला वाटलं झालं आता, आणि निवळी परत नितळ झाली! जास्त गॅस गेला की तयार झालेला पांढरा साका पुन्हा विरघळतो, हे मी आजपर्यंत विसरलेलो नाही. मग सरांनी एक न फोडलेली बाटली वर धरली आणि विचारलं ही गोटी वर कशी टिकली, चिकटवली आहे का? कुणालाच सांगता येईना. सर म्हणाले, "आतला गॅसच आतून दार लावून बसलाय". भरताना बाटली उलटी करतात, गोटी रबराच्या रिंगवर येऊन बसते आणि मग गॅसचा दाब तिला हलू देत नाही, एवढं साधं. इंग्लंडमधल्या हायरम कॉडनं १८७२ ला ह्याचं पेटंट घेतलं होतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही सात-आठ जण मामांच्या घरामागं त्यांचं हातानं फिरवायचं यंत्र बघायला गेलो, बाटल्या चौकटीत बसवून मामा दांडा फिरवायचे, बाटल्या उलट्या सुलट्या व्हायच्या आणि एकामागून एक गोट्या टक टक टक वर बसायच्या. विज्ञानाला पुढं मी गेलो त्यात ह्या दुपारचा वाटा मोठा आहे, हे सरांना समक्ष सांगायचं राहिलं म्हणून इथं लिहितो.

पुढं पुण्याला होस्टेलवर आलो तर एकेका खोलीत एकेक शब्द. नागपूरचा रूममेट "चल थंडा पिऊ" म्हणायचा, आमचं थंड त्याचं थंडा. गिरगावातला एक होता तो सगळ्या थंडाला ड्युक्स म्हणायचा आणि आंब्याच्याला मँगोला, मग ते दुसऱ्या कुठल्या कंपनीचं का असेना. त्यानंच मला पहिल्यांदा इराण्याच्या हॉटेलात रासबेरी पाजली, लालभडक, तसलं लाल आम्ही गावात फक्त बर्फाच्या गोळ्यावर बघितलेलं. कॅम्पात अर्देशीरचा सोडा मिळायचा, १८८४ पासूनचा कारखाना, तिथं गेलो की मला मामांची फळी आठवायची. नोकरीला दिल्लीत गेलो तर आपली तीच गोटीची बाटली तिथं बंटा, बंटा म्हणजे पंजाबीत गोटीच. तमिळ सहकारी रंगीत थंडाला नुसतं "कलर" म्हणायचा, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण काळं-पांढरं-केशरी म्हणणारे आम्ही आणि कलर म्हणणारे ते, डोकं एकच की!

आमच्या वर्गातली एक मैत्रीण मिशिगनला असते. मागच्या स्नेहमेळाव्याला ती सांगत होती की तिच्याकडं पॉप म्हणतात, न्यूयॉर्ककडं सोडा, आणि खाली जॉर्जियाच्या बाजूला गेलं की कुठलंही असो, कोकच. ह्यावर माझा धाकटा भाऊ म्हणाला त्यात काय, आम्ही नाही का प्लॅस्टिकच्या नळीतल्या रंगीत बर्फाला पेप्सी म्हणायचो. खरं आहे. त्याच्या वेळी शाळेबाहेर "पेप्सी दे" म्हटलं की तो दातानं टोक तोडून चोखायचा बर्फच मिळायचा, बाटलीतली पाहिजे असेल तर "बाटलीतली" असं वेगळं सांगायला लागायचं.

१९९३ ला पारलेवाल्यांनी आपले ब्रँड कोका-कोलाला विकले, थम्सप टिकलं, गोल्डस्पॉट गेलं आणि त्याच्याबरोबर आपल्याकडचा केशरी हा शब्दही गेला. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, धुवायच्या नाहीत, परत द्यायच्या नाहीत. मामांनी तरी पुष्कळ वर्षं यंत्र चालवलं. रबराच्या रिंगा मिळेनात आणि फुटलेल्या बाटलीच्या जागी नवी बाटली मिळेना, तेव्हा बंद केलं. टपरी हलवली त्या दिवशी मी योगायोगानं गावात होतो. भेटायला गेलो तर मामांनी पोत्यातून एक बाटली काढून फडक्यानं पुसली, सवयीनं, आणि माझ्या हातात दिली, पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं मामा, डिपॉझिट? तर म्हणाले, आता परत कुठं आणून देणार तू.

ती बाटली मी महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेला देतोय. विज्ञान कक्षाच्या टेबलावर ठेवावी, शेजारी चुन्याची निवळी ठेवता आली तर फार बरं, प्रयोग करायला मी स्वतः दोन्ही दिवस थांबीन. चिठ्ठीवर कॉड बॉटल वगैरे लिहू नये एवढी विनंती. मोठ्या अक्षरात लिहावं, लेमनची बाटली, आणि खाली बारीक अक्षरात, खळगा खाली धरा.