पाजेच्या ओहोटीत कॅमेरा घेऊन

टांझानियातील झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे आणि जांबियानी ही गावे आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तेथे ओहोटी लागली की समुद्र दूर मागे सरतो आणि उघड्या पडलेल्या वाळूत बायकांची शेती दिसू लागते: रोवलेल्या खुंट्या, त्यांना ताणून बांधलेल्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर गाठींनी लावलेले समुद्रशैवाल. स्वाहिलीत त्याला 'म्वानी' म्हणतात.

पहिल्या सकाळी मी हॉटेलच्या कठड्यावरूनच मोठ्या झूमने छायाचित्रे घेऊ लागलो. दोरी सोडवणाऱ्या एका बाईने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि खांद्यावरचा कांगा, म्हणजे अंगावर घ्यायचे रंगीत कापड, तोंडावर ओढून पाठ फिरवली. तिचा नकार माझ्यापर्यंत पोहोचेतो चार छायाचित्रे निघाली होती. ती मी तिथेच पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा खोलीत ठेवून गावातल्याच एका वाटाड्या बाईंबरोबर पाण्यात उतरलो. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचे, त्या 'मराहाबा' म्हणतात आणि मग बोलणे सुरू होते. ही शेती येथे १९८९मध्ये व्यावसायिक स्वरूपात आली. चांगला भाव मिळवून देणारी 'कोटोनी' जात उथळ पाणी तापू लागल्यावर मरत गेली, ती खोल पाण्यात तगते, पण तेथे जायला होडी आणि पोहणे लागते, जे बहुतेकींजवळ नाही; म्हणून उरली ती कमी भावाची 'स्पिनोसम'. टूथपेस्ट आणि आइस्क्रीम दाट करणारे कॅरॅजीनन या शैवालापासून निघते. हे कळल्यावर मला वाकलेल्या पाठींपेक्षा मेलेले शैवाल खुडणारी बोटे टिपावीशी वाटली. तिसऱ्या दिवशी 'नाओंबा कुपिगा पिचा', छायाचित्र काढू का, असे विचारले तेव्हा दोघी हो म्हणाल्या, एक 'हापाना', म्हणजे नाही, म्हणाली. तिच्या दोऱ्यांच्या बाजूला मग मी कॅमेरा वळवलाच नाही.

जाणाऱ्यांनी तिथी पाहूनच मुक्काम ठरवावा, कारण भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही. समुद्री साळिंदरांचे (सी अर्चिनचे) काटे पायात मोडतात, तेव्हा जाड तळाचे बूट हवेत. दोऱ्या मात्र कधीही तुडवू नयेत. पाण्यावरची चकाकी कमी करायला भिंगावर पोलरायझर फिल्टर लागतो. गाव मुसलमान आहे, त्यामुळे खांदे व गुडघे झाकलेले असावेत. मुलांचे छायाचित्र आईला विचारल्याशिवाय घेऊ नये आणि त्यासाठी मुलांच्या हातावर पैसे तर मुळीच ठेवू नयेत. ती शाळा सोडून पर्यटकांमागे धावू लागतात. द्यायचेच असेल तर बायकांनी शैवालापासून केलेला साबण विकत घ्यावा. छायाचित्राखालच्या ओळीत नुसते 'गरीब स्त्री' लिहू नये. ती काय पिकवते ते लिहावे, आणि नाव तिने परवानगी दिली तरच.

मी छोटा प्रिंटर नेला होता. त्या दोघींना प्रती दिल्या, तेव्हा एकीने आपल्या चेहऱ्याकडे ओझरते पाहिले आणि मागे दिसणाऱ्या दोरीवर बोट ठेवून शेजारणीला सांगितले, ही गाठ सैल झाली आहे.