शेजारचे देव

जेवून आडवा झालो होतो, डोळा लागतच होता, आणि एकदम आठवलं: काकूंचे देव अजून पारोसे आहेत. तीन वाजले होते.

शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, त्या देव आमच्याकडे ठेवून. 'पंधरा दिवसांचा तर प्रश्न', त्याला आता अडीच महिने झाले. ताम्हनात, लाल फडक्यात गुंडाळलेला रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, नर्मदेतला एक बाण, म्हणजे महादेव म्हणून पुजायचा गोटा, आणि घासून घासून नाकडोळे गेलेला चांदीचा टाक. हा कुणाचा, ते काकूंनाही सांगता येत नाही. सूचना दोनच. रोज पूजा, आणि बाळकृष्णाला लोणी नसेल तर दूध-साखर चालेल, गूळ नको. का नको ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उंबऱ्यातून मात्र पुन्हा वळल्या, "रोज हं भाऊ!"

मी काही देव-देव करणाऱ्यातला नाही. आमचे स्वतःचे देव आठवड्यातून दोनदा तरी पारोसे राहतात. तो घरचा मामला आहे, आपसात मिटतो. पण दुसऱ्याचा देव तीन वाजेपर्यंत उपाशी? शेजाऱ्याचं पोर सांभाळायला घ्यावं आणि त्याला जेवायला घालायचं विसरावं, तसं झालं. मुकाट उठलो, अंघोळ सकाळी झाली होती तरी पुन्हा पाय धुतले.

इंदुरात एक बरं आहे, नळालाच नर्मदा येते. 1978 पासून. सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून येते, एक दिवसाआड. 'नर्मदा आली का?' असं आम्ही मोटरच्या बटणावर बोट ठेवून एकमेकांना विचारतो. लोक तिची पायी परिक्रमा करतात आणि आम्ही तिनं स्कूटर धुतो. त्या बाणाला मात्र रोज माहेरचं पाणी मिळतं. हे मी काकूंना फोनवर सांगितलं तर त्यांना हसू आलं नाही. "तेच पाणी घालत जा," म्हणाल्या.

रामबागेतल्या आमच्या वाड्यात मे महिना लागला की बिऱ्हाडं गावाला निघत आणि सगळ्यांचे देव आजीकडे जमत. एका वर्षी तीन बाळकृष्ण होते, तिघेही रांगते, तिघांच्याही हातात लोण्याचा गोळा. आजीनं ओळखीला त्यांच्या कमरेला दोरे बांधले: लाल, हिरवा, आपला पांढरा. पुसून वाळवायचं काम माझ्याकडे. दोरे ओले झाले म्हणून मी ते सोडून नीट पिळले आणि मग कुणाचा कोणता, हे काही केल्या कळेना. अंदाजानं बांधले. जूनमध्ये सगळे आपापले देव घेऊन गेले, कुणी हूं की चूं केलं नाही. पंचेचाळीस वर्षं होतील. आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आमचाच आहे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. हिला अजून बोललेलो नाही.

परक्या देवांचं एवढं कशाला करतेस, असं आजीला कुणी विचारलं की ती थेट अहिल्याबाईंवर जायची. इंदूरच्या म्हाताऱ्या कुठूनही निघाल्या तरी तिथेच पोचतात. अहिल्याबाईंच्या हुकुमांवर 'श्रीशंकर आज्ञेवरून' असं असायचं, हे आम्हाला शाळेआधी आजीकडून कळलं. "राज्य तिचं नव्हतंच रे," आजी वाती वळता वळता म्हणायची, "तिच्याकडे ठेवायला दिलं होतं. म्हणून अठ्ठावीस वर्षं चोख ठेवलं. स्वतःचं असतं तर तुझ्या कपाटासारखं केलं असतं." माझं कपाट अजून तसंच आहे.

तर, पूजा झाली. दूध होतं, साखरेचा डबा रिकामा. गूळ समोर दिसत होता. खाली जाऊन दुकानातून पाव किलो साखर आणली, भर उन्हात. घरच्या बाळकृष्णाला त्यातलीच चिमूटभर ठेवली, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

संध्याकाळी काकूंचा फोन. बाळ कसं आहे, पोहे तिथे कसे बेचव मिळतात, सेव कशी संपली, सगळं झालं.

"आज पूजा झाली ना?"

"सकाळीच."

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊ, जावई म्हणतायत, इंदूरचं घर आता काढून टाका. एकटीनं कशाला राहायचं. इथे लेकीनं फ्रीजच्या वर देवाला जागा केलीय, एका फोटोपुरती."

"मग हे देव?"

"बघू," काकू म्हणाल्या. "गूळ नाही ना दिलात?"

लाल फडकं मी दुपारी धुऊन वाळत घातलं होतं. ही ते घेऊन आली. घडी करून काकूंच्या ताम्हनाखाली ठेवू, की आपल्या देव्हाऱ्यात अंथरू, म्हणून हातात धरून उभी राहिली. तेवढ्यात खाली कुणीतरी ओरडलं, "नर्मदा आली!" आणि मी मोटर लावायला गेलो.